कालेब बुडक्याचे मलिदे

रविवारी सकाळी साडेआठलाच शुलामीथबाई कोट चढवून, बूट घालून लंडनच्या पिनरमधल्या आपल्या घरात दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. नऊला न्यायला गाडी येणार होती. पण आपल्यासाठी कुणी खोळंबलेलं त्यांना खपायचं नाही, आणि आपण कुणासाठी खोळंबणं तर त्याहून नाही. वय शहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र अजून पंचविशीतली. चाळीस वर्षं हॅरोच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढली, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, त्यामुळे झिराडकर हे आडनाव दारावरच्या पाटीवर जसंच्या तसं टिकलं होतं.

मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा होता, आणि डब्यात आजोबांची तेवीस पत्रं. कालेब झिराडकर. साउथहॅम्प्टनहून रेवदंड्याला धाडलेली, ऑक्टोबर बत्तीस ते मार्च तेहतीस. ती पत्रं म्हणजे घराण्याची लाज होती, आणि ती शुलामीथबाईंनी पन्नास वर्षं कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती, टाकवत नाही म्हणून आणि दाखवत नाही म्हणून.

कारण आजोबा दारुडे होते. म्हणजे सगळं रेवदंडा तसं म्हणायचं. बोटीवर खलाशी म्हणून गेला, साउथहॅम्प्टनला उतरवला गेला, आणि तिथून बायकोला पत्रं काय लिहितो? ‘आज पाण्यात पडलो. चार नंबरने काढलं. जीव वाचला. मलिदा कर.’ पंधरा दिवस होत नाहीत तोवर पुन्हा पाण्यात! पुन्हा मलिदा! आता बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात जीवावरचं संकट टळलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे घालायचे, वर फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि चार घरची माणसं जेवायला बोलवायची. एकदा केला, लोक आले, डोळे पुसून गेले. दुसऱ्यांदा आले, एकमेकांकडे बघून गेले. पाचव्या मलिद्याला शेजारीण पोहे चघळत म्हणाली, “तुझा नवरा मासा आहे का गं?” आणि पंगत फिसकन हसली. त्यानंतर आजीने मलिदा केला नाही. पत्रात मात्र ‘केला’ म्हणून कळवत राहिली.

आणि हा चार नंबर कोण? कुणी म्हणालं, पोलीस असणार. मुंबईच्या बंदरात पोलिसांच्या छातीवर नंबर असतात, तसाच तिकडचा. चार नंबरचा शिपाई आणि सात नंबरचा शिपाई आळीपाळीने कालेबला धक्क्यावरून पडला की बाहेर काढतात. मग एका पत्रात कालेबने लिहिलं, ‘सात नंबरला मी मूठ बसवली.’ झालं! पोलिसाला मूठ बसवतो म्हणजे किती प्यायला असेल! तेव्हापासून नाव पडलं ते कालेब बुडक्या, आणि ते त्याच्या कबरीपर्यंत गेलं.

बरोब्बर नऊला बेल वाजली. दारात निवेदिता. वय चौतीस, मूळची नागपूरची, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये, आणि आठवडाभर लॅपटॉप बडवून झाला की शनिवार-रविवार साउथहॅम्प्टनला एका शेडमध्ये जुन्या विमानाचा रंग खरवडणारी. कोपरापर्यंत बाह्या वर, केसांत पेन खोचलेलं.

“आजी, पत्रं घेतली? सगळी? ओरिजिनल?”

“नाही, निम्मी उंदरांना ठेवली. चल आता.”

दोघींची ओळख फक्त फोनवरची, तीही परवाची. निवेदिताने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला होता. समुद्रात गळ्यापर्यंत बुडालेला, कॅनव्हासचं जाकीट घातलेला एक काळासावळा माणूस, आणि खाली इंग्रजीत ‘के. झिराडकर, चाचणीसाठी’. कुणाच्या ओळखीचं आडनाव आहे का, असं तिने विचारलं होतं. शुलामीथबाईंच्या शेजारच्या मिलिंदने तो फोटो भिंतीवरून हाक मारून त्यांना दाखवला. शुलामीथबाईंनी चष्मा पुसला आणि परत घातला. आजोबा! पाण्यात! आणि शुद्धीत, सरळ कॅमेऱ्याकडे बघत!

एम ट्वेंटी-फाइव्हला लागेपर्यंत निवेदिताने सगळं भडाभडा सांगून टाकलं. पहिलं महायुद्ध संपलं होतं, दुसरं व्हायचं होतं. समुद्रात विमानं पडत होती, बोटी बुडत होत्या, आणि माणसं शोधून उचलून आणायला पाण्यावर उतरणारं विमान हवं होतं. फ्लाइंग बोट. खालून होडी, वरून पंख. दोन नमुने निवडीला आले, चार नंबर आणि सात नंबर. चार नंबर मोठी, धातूची, वेगवान, दिसायला राणी. सात नंबर लहान, लाकडी, बुटकी. खऱ्या समुद्रात, खऱ्या थंडीत चाचण्या घ्यायच्या, तर पाण्यात खरा माणूस नको का? डिसेंबरच्या पाण्यात उतरायला कोण तयार होणार?

“म्हणजे माझे आजोबा,” शुलामीथबाई म्हणाल्या, “नोकरी म्हणून बुडत होते?”

“हो! आणि काम गुप्त. घरी काही लिहायचं नाही, जन्मभर कुणाला सांगायचं नाही, असं सही करून घेतलेलं.”

शुलामीथबाईंनी डब्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “दारूचा थेंब नसेल प्यायला गं माणूस. आम्हीच पाजली त्याला जन्मभर.”

मग निवेदिताने तिला स्वतःला जे टोचत होतं ते सांगितलं. दोन्ही विमानांच्या होड्या, म्हणजे पंख-इंजिन गेलेली नुसती धडं, त्या शेडमध्ये आहेत. शेड सोडायची आहे. नव्या जागेत एकच मावते. आज दुपारी एकला मतदान, आणि जी हरेल ती मंगळवारी मोडीत. “तेव्हाच्या कमिटीने चार नंबर निवडली होती, आजी. त्यामुळे सगळे म्हणतात, निवडलेली ठेवा. मी तीन वर्षं सात नंबरवर काम करतेय. मला आतून वाटतं की तीच चांगली होती. पण प्रूफ काय? रिपोर्टमध्ये तेवीस चाचण्या आहेत आणि तेवीसच्या तेवीसपुढे एकच शेरा, ‘माणूस वर घेतला.’”

“किती म्हणालीस?”

“तेवीस.”

शुलामीथबाईंनी मांडीवरचा डबा घट्ट धरला. “गाडी थांबव.”

“मोटरवेवर?”

“मग जिथे थांबवतात तिथे थांबव! पण आत्ता!”

फ्लीटच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यावर, कॉफी घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही. टेबलावर पत्रं तारखेने मांडली. निवेदिताने फोनवर रिपोर्टचं पान उघडलं. ती तारीख वाचणार, बाई पत्र वाचणार. आजोबांचं अक्षर बाळबोध, टपोरं, शाई थोडी उडालेली.

“अठरा ऑक्टोबर, चार नंबर.”

“‘अठरा ऑक्टोबर. आज पाण्यात पडलो. चार नंबरने काढलं. मलिदा कर.’”

“पंचवीस ऑक्टोबर, सात नंबर.”

“‘सात नंबरने काढलं. मलिदा कर.’”

“बाप्पा रे!” निवेदिता ओरडली. शेजारच्या टेबलावरचं पोर सॉसेज हातात धरून बघत राहिलं. “जुळतंय! आजी, जुळतंय सगळं! पुढे?”

पुढे, पुढे, पुढे. दोघींचे आवाज चढत गेले. पोलीस नव्हतेच ते! आणि मग नोव्हेंबरच्या शेवटचं पत्र आलं. शुलामीथबाईंनी ते वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. “‘सात नंबरला मी मूठ बसवली. आज तिनेच काढलं. मलिदा नको.’”

“मलिदा नको?”

“नको म्हणतोय. थांब, पुढचं चार नंबरचं बघ. ‘मलिदा कर.’ पुढचं सात. ‘सगळं ठीक. मलिदा नको.’ चार. ‘मलिदा कर, मुलांना जवळ घे.’ सात. ‘मलिदा नको.’”

मग त्यांनी सगळी पत्रं दोन गठ्ठ्यांत लावली. चार नंबरच्या अकरा चाचण्या, अकरा मलिदे. सात नंबरच्या बारा. मूठ बसवण्याआधी तीन मलिदे, आणि नंतर नऊ वेळा नको, नको, नको.

“रिपोर्टात लिहिलंय माणूस वर घेतला,” शुलामीथबाई म्हणाल्या. “कसा घेतला ते इथे लिहिलंय. मलिदा उगीच कुणी बोलत नाही गं. मरण डोळ्यांसमोर दिसतं तेव्हा बोलतात. चार नंबर प्रत्येक वेळी त्याला मारता मारता वाचवत होती.”

निवेदिताने टेबलावरून वाकून त्या अनोळखी म्हातारीला मिठीच मारली, आणि अनोळखी म्हातारीने ती मारू दिली, हे मला विशेष वाटतं, कारण शुलामीथबाई मिठ्या मारणाऱ्यातल्या नव्हत्या.

एकला पाच मिनिटं असताना दोघी शेडमध्ये शिरल्या. इचेन नदीच्या काठची पत्र्याची शेड, रंगाचा आणि ओल्या लाकडाचा वास. दोन्ही होड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या. चार नंबर चकचकीत, लांबलचक, बघणाऱ्याची मान वर करायला लावणारी. सात नंबर तिच्यापुढे अगदीच पाटा. आठ सभासद आणि अध्यक्ष मिसेस हॉलोवे, सत्तरीतल्या, माजी जहाज-इंजिनियर, हातात चहाचा मग. नियम साधा होता. आठांनी मत द्यायचं, बरोबरी झाली तरच अध्यक्षांनी.

निवेदिताने पत्रं मांडली, तारखा जुळवून दाखवल्या, मलिदा म्हणजे काय ते सांगितलं. बोलता बोलता तिच्या केसांतलं पेन दोनदा पडलं. लोक मनापासून ऐकत होते. तिघांचे चेहरे पालटले, ते शुलामीथबाईंना दिसलं. पण मिस्टर थॉर्नबी म्हणून एक उंच गृहस्थ होते, वैमानिक होते एकेकाळी. वाईट माणूस नव्हे, उलट फार अदबीने बोलायचे, आणि तेच जास्त अवघड.

“पत्रं विलक्षण आहेत,” ते म्हणाले. “पण ही एका घाबरलेल्या माणसाची भावना झाली. त्यात एक माप नाही, एक कारण नाही. कमिटीने वेग पाहिला, पल्ला पाहिला, चार स्ट्रेचरची जागा पाहिली. आणि सात नंबरच्या अंगाला लावलेली ती लाकडी मूठ म्हणाल, तर ती मूळ आराखड्यात नाही. आमच्या यादीत ती ‘नंतरची जोड, काढून टाकावी’ अशी आहे.”

“काढली?” शुलामीथबाई एकदम इंग्रजीत ओरडल्या.

“अजून नाही.”

“कुठे आहे?”

निवेदिताने बोट दाखवलं. सात नंबरच्या कुशीला एक दार होतं, आणि दाराच्या बरंच खाली, एक लाकडी, वाकडी, तेलकट काळी पडलेली मूठ. शुलामीथबाईंनी चष्मा सावरून ती पाहिली. ही मूठ त्यांनी पाहिली होती! रेवदंड्याच्या खाडीत, प्रत्येक मचव्याला अशीच बसवलेली असते, पाण्यातून वर चढायला. आणि आठवले आजोबा. म्हातारे, ओल्या धोतरात, खाडीत गळ्यापर्यंत बसलेले. बंदरात येणाऱ्या प्रत्येक होडीजवळ जायचे, पाण्यातून हात वर करायचे, मूठ चाचपायचे आणि पुढच्या होडीकडे जायचे. पोरं काठावरून ओरडायची, “बुडक्या, आज किती घेतली?” त्या पोरांत नऊ वर्षांची शुलामीथ सर्वांत पुढे असायची. आजोबा तिला रागावले नाहीत कधी. एकदाच म्हणाले होते, “वरून बघू नकोस, शुला. खाली येऊन बघ.”

“मिस्टर थॉर्नबी,” शुलामीथबाई म्हणाल्या, “पाणी कुठपर्यंत येतं याला?”

“सॉरी?”

“ही पाण्यात असते तेव्हा. पाणी कुठपर्यंत?”

थॉर्नबींनी चार नंबरच्या अंगावरची लाल रेघ दाखवली. शुलामीथबाईंनी पर्स निवेदिताच्या हातात दिली आणि चार नंबरला खेटून उभ्या राहिल्या. बाई मुळात ठेंगण्या. रेघ बरोबर हनुवटीला आली. “आता मी पाण्यात आहे. डिसेंबर आहे. मला वर घ्या.” त्यांनी हात उंचावला, टाचा उचलल्या. बोटं हवेत लोंबत राहिली, आणि दाराचा उंबरा अजून कितीतरी वर होता. मधे नुसता गुळगुळीत, गोलाकार पत्रा.

“दोर टाकायचे,” थॉर्नबी म्हणाले.

“मी चाळीस वर्षं नर्स होते. गारठलेल्या माणसाची बोटं मिटत नाहीत. दोर दिसतो त्याला, धरता येत नाही. आणि वरच्यांना वाटतं, आम्ही टाकला की!” त्यांनी पत्र्यावर तळहात आपटला. शेडभर आवाज घुमला. “मग ते हुकाने ओढत असतील, जाकिटाला अडकवून. लाटेबरोबर हे धूड वर-खाली होणार, हा बिचारा त्याच्या खाली जाणार आणि वर येणार. अकरा वेळा!”

शुलामीथबाई सात नंबरकडे गेल्या. तिची रेघ गुडघ्याच्या वर जेमतेम. म्हणजे खाली बसायला हवं, जमिनीवर. निवेदिता धावली, “आजी, गुडघे!”

“गुडघ्यांना काय धाड भरलीय!” म्हणत त्या बसल्या. दोनदा कण्हल्या, एकदा चांगली मराठी शिवी हासडली, जी सुदैवाने एकाच सभासदाला कळली. रेघ खांद्याला आली. त्यांनी मान वर केली. खालून सगळं वेगळंच दिसत होतं. पंख नाही, वेग नाही, पल्ला नाही. फक्त दार किती दूर आहे एवढंच. त्यांनी हात वर नेला, न बघता, आजोबा न्यायचे तसा.

हात थेट मुठीवर पडला.

मूठ वाकडी होती ती मुद्दाम. बोटं मिटवावी लागत नव्हती, मनगट नुसतं अडकवलं की पुरे. आणि मनगट अडकवून अंग वर खेचलं की दुसरं कोपर दाराच्या उंबऱ्यावर येणार होतं. शुलामीथबाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही, पुसलंही नाही, कारण एक हात गुंतला होता आणि दुसऱ्याने जमिनीचा आधार घेतला होता.

“ही मूठ माझ्या आजोबांनी बसवली,” त्या म्हणाल्या. “कमिटीतल्या कुणाला सुचली नाही, कारण कमिटीतला कुणी ओला झाला नव्हता. आणि आम्ही त्यांना दारुडा म्हणालो. मीही म्हणाले. आता ही काढून टाका म्हणता?”

मिसेस हॉलोवेंनी चहाचा मग खाली ठेवला. “मतदान,” त्या म्हणाल्या. “चार नंबरसाठी हात वर.”

थॉर्नबींचा हात वर गेला, जरा सावकाश. मग आणखी एक. दोन. तीन. चार हात.

“सात नंबर.”

निवेदिताचा हात इतक्या झटक्यात वर गेला की पेन तिसऱ्यांदा पडलं. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्यासाठी कुणी उरलं नव्हतं, असं निवेदिताला वाटलं. मग मागे उभ्या असलेल्या आठव्या सभासदाने, शेडमधल्या सुताराने, हात पुसून वर केला. चार.

“बरोबरी,” मिसेस हॉलोवे म्हणाल्या. “म्हणजे मत माझं.” त्या चार नंबरकडे बघत राहिल्या, आणि निवेदिताने डोळे मिटून घेतले. “खरं सांगते, आयुष्यभर मला हीच आवडली. अशी देखणी वस्तू मी मोडीत घालू शकेन असं वाटलं नव्हतं. पण तेहतीस साली वैमानिकाला विचारलं, इंजिनियरला विचारलं, खजिन्यालाही विचारलं असेल. पाण्यातल्या माणसाला कुणी विचारलं नाही. माझं मत मी त्याला देते.” त्या सात नंबरजवळ आल्या आणि खाली वाकल्या. “मिस झिराडकर, तुमचा हात अजून वर आहे. तो मोजू?”

शुलामीथबाईंनी मुठीवरची पकड आणखी घट्ट केली.

“मोजा,” त्या म्हणाल्या.

“पाच.”

निवेदिता जी किंचाळली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. सुताराने तिला उचललं. थॉर्नबी पुढे आले, कोटाच्या खिशातून यादी काढली, ‘काढून टाकावी’ या शब्दांवर काट मारली आणि शुलामीथबाईंना उठवायला हात पुढे केला. बाईंनी तो घेतला, पण लगेच उठल्या नाहीत.

“आजी, उठा ना! खाली गार आहे!” निवेदिता हसत होती आणि रडतही होती.

“उठते. आधी सांग, इथे जवळपास जाडे पोहे कुठे मिळतील? आणि नारळ? आजोबांनी चौदा मागितले, माझ्या आजीने पाच केले आणि सोडून दिले, नऊ मलिदे राहिलेत. मी एकीकडून सुरू करते, इथेच, या मुठीखाली मांडून.”

“नऊ? आपण नऊच्या नऊ करू!”

“दहा,” शुलामीथबाई म्हणाल्या, आणि मूठ धरूनच वर उठल्या. “नऊ आजोबांचे. एक आजचा, सात नंबरचा. तीही बुडता बुडता वाचली ना?”